गुरचरणाच्या वाटेचे एकोणीस गुंठे

मी, ठमी दयाराम घरत, माहेरची ठमी बाळाजी म्हात्रे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती, शिक्षण सातवी पास, राहणार मौजे सांबरखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. मृणाली वर्तक यांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी मेल्यावर माझे डोके ठिकाणावर नव्हते असे म्हणणारे पहिले गृहस्थ माझ्याच घरात जेवतात. ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ असे येथे लिहायची पद्धत आहे. मी सव्वादोन वर्षे सरपंच होते तेव्हा असले शब्द कितीतरी कागदांवर माझ्या सहीच्या वर होते आणि ते खोटे होते. आज खरे आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे यजमान श्री. दयाराम घरत हयात आहेत. ते माजी सरपंच, माजी पंचायत समिती सदस्य, व गावच्या कमानीवर रंगवल्याप्रमाणे ‘विकासपुरुष’ आहेत. कमान त्यांनीच बांधली. मुलगा परेश, त्याचे ट्रेलर बंदरावर चालतात. सून रुचिता, बी.कॉम. मुलगी कल्पिता, पेणला दिली आहे, नर्स आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कल्पिताने एकटीने करावी. सल्ला द्यायला पुष्कळ लोक येतील. त्यांना चहा द्यावा, सल्ला घेऊ नये.

कलम २. राहते घर यजमानांच्या नावावर आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पुढच्या खोलीत ‘आदर्श सरपंच’ पुरस्काराचा फोटो आहे. पुरस्कार माझ्या नावाचा होता. फोटोत ढाल यजमानांच्या हातात आहे, शेजारी त्यांचे नेते हसत आहेत, आणि यजमानांच्या कोपरामागे माझ्या पदराचा काठ दिसतो. हा फोटो फ्रेमसह मी यजमानांना देते. काठ कापून टाकला तरी हरकत नाही.

कलम ३. माझी स्वतःची म्हणावी अशी मिळकत एकच. गट नंबर ११६, क्षेत्र एकोणीस गुंठे. माझे वडील मिठागरावर राबले आणि ही जागा केली. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ती माझ्या नावावर आली. पूर्वेला डांबरी रस्ता आहे, पश्चिमेला गट नंबर ११७, म्हणजे गावचे गुरचरण, चौदा हेक्टर, थेट खाडीपर्यंत. गुरचरणाच्या एका बाजूला कांदळवन आहे, दुसऱ्या बाजूला खारा चिखल. त्यामुळे गुरे, गवत कापणाऱ्या बायका, मासळी सुकवणाऱ्या बायका, सगळे आमच्या एकोणीस गुंठ्यांतूनच जातात. वडिलांनी तेथे कधी कुंपण घातले नाही. कोणी विचारले तर म्हणत, “गुरांना सातबारा वाचता येत न्हाय.”

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात नको. मी म्हटले, हे नसेल तर पुढचे कोणाला समजणार नाही.

सन २०१२ मध्ये आमच्या ग्रामपंचायतीचे सरपंचपद बायकांसाठी राखीव झाले. मी अंगणात वाल सोलत होते. यजमान आले आणि म्हणाले, “सीट बायकांची पडली. तू उभी रा.”

मी म्हटले, “मना त्यातलं काय कलतंय?”

“तुना कशाला कलाया हवं? मी हाय ना.”

मी निवडून आले. हार त्यांच्या गळ्यात पडले. कार्यालयात सरपंचाच्या खुर्चीवर ते बसत, मी बाजूला स्टुलावर. परगावचा माणूस आला की त्यांना नमस्कार करी आणि मला पाणी मागे. मी पाणी आणून देत असे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. स्टुलावरून कोणी मला ढकलले नव्हते, मी आपणहून बसत होते.

यजमानांच्या नेत्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, तालुक्यातल्या प्रत्येक बसथांब्यावर ते लिहिलेले आहेच. सन २०१४ च्या पावसाळ्यात साहेब आमच्या गुरचरणावर झाड लावायला आले. निसर्गावर पाऊण तास बोलले. डोक्यावर छत्री धरायला दोन माणसे होती. झाड प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवले, फोटो निघाले, गाड्या वळल्या. संध्याकाळपर्यंत ते झाड बकरीने खाल्ले. साहेबांच्या सगळ्या कारकिर्दीत कोणाच्या पोटात काही गेले असेल तर ते एवढेच.

त्याच महिन्यात यजमानांनी माझ्यापुढे ठरावाचे बुक उघडून ठेवले. “शालेच्या कुंपनाचा ठराव हाय. सही कर. साहेब बाहेर थांबलेत.”

मी वाचू लागले तशी ते म्हणाले, “वाचतेस कशाला? परीक्षा हाय का?”

पहिल्याच ओळीत मला ‘गट नंबर ११७’ दिसले. शाळा त्या गटात नाही हे मला ठाऊक होते. तरी मी सही केली. साहेबांना चहा द्यायचा होता आणि तो निवत होता. गावचे चौदा हेक्टर मी एका चहासाठी दिले. यजमानांना मी नावे ठेवते, तेव्हा हे आधी लिहून ठेवणे भाग आहे.

तो ठराव गुरचरण रिसॉर्टसाठी द्यायला गावाची हरकत नाही, असा होता. दिवाळीनंतर तेथे सिमेंटचे खांब उभे राहिले. नीराबाई माझ्या दारात आली. तिला स्वतःची जमीन नाही, चार बकऱ्यांवर आणि गवताच्या भाऱ्यांवर तिचे घर चालते. कोणीतरी तिला ठरावाची नक्कल दिली होती. ती तिने माझ्यापुढे धरली.

“ठमे, ही सही तुझी हाय ना?”

“हाय.”

“तुना वाचता येतं ना?”

“येतं.”

“मना न्हाय येत. म्हनून मी आजवर कंदी सही केली न्हाय,” एवढे बोलून ती गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

मग मी कार्यालयात जाऊन जुनी बुके वाचू लागले. ज्या ग्रामसभेत तो ठराव झाला म्हणून लिहिले होते, ती सभा झालीच नव्हती. तिच्याखालच्या सह्या डोळे तपासणीच्या शिबिरात घेतलेल्या होत्या. लोक चष्म्याच्या आशेने सही करून गेले होते.

सव्वीस जानेवारी २०१५ च्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा सरपंचाच्या खुर्चीवर बसले. यजमान कानाशी येऊन म्हणाले, “उठ. पावने हायत.”

मी मोठ्याने म्हटले, “पावन्यांना स्टूल द्या.”

मग मी तो ठराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सही माझी आहे, सभा खोटी आहे, मी हे जाणून सही केली, असे सांगितले. ठराव रद्द करायचा असेल त्यांनी हात वर करा म्हटले. मग नीराबाईचा हात वर गेला, आणि मग एकेक. एक्केचाळीस हात झाले. मी सगळ्यांची नावे तेथेच लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी ती नक्कल घेऊन रिक्षाने अलिबागला गेले आणि जिल्हाधिकारी कचेरीत माझ्याच सहीविरुद्ध जबाब दिला.

घरी यजमान म्हणाले, “तुना नवऱ्याची लाज न्हाय?”

मी म्हटले, “सही माझी व्हती. लाज पन माझीच.”

महिन्याभरात माझ्यावर अविश्वास ठराव आला. तो माझ्या नवऱ्याने आमच्याच माडीवर बसून लिहिला, आणि तो लिहिणाऱ्यांना मटण-भाकरी मीच वाढली. नऊपैकी सात सदस्यांनी हात वर केले. त्या सातांना या मृत्युपत्राने मी काही देत नाही. त्यांना ज्यांनी दिले त्यांनी पुरेसे दिले. सदू नावाचा एक सदस्य सव्वादोन वर्षांत सभेत एक शब्द बोलला नव्हता. तो त्या दिवशीही बोलला नाही, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. त्याच्याकडे सगळे डोळे वटारत होते आणि तो जमिनीकडे बघत होता. त्या इमारतीत इतका धीट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अकरा महिन्यांनी वरून आदेश आला. ठराव रद्द झाला, खांब निघाले. आठ दिवसांत नाक्यावर फलक लागला : ‘गुरचरण वाचवणारे नेतृत्व’. वर साहेब, खाली हात जोडलेले यजमान. मी त्या फलकाखालून रोज बाजाराला जात असे. पावसाळ्यात त्याच्या कापडाने गावातल्या भागोजींनी आपला गोठा शाकारला. साहेबांच्या तोंडाने तेवढे पाणी अडवले.

कलम ५. गेल्या श्रावणात माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी परेश फाइल घेऊन आला. “आई, हॉस्पिटलचे कागद आहेत. इथं इथं सही कर.”

मी चष्मा मागितला. तो म्हणाला, “घरी राहिला.”

शेजारच्या खाटेवर रेवदंड्याच्या सोनाबाई होत्या. मी त्यांचा चष्मा मागून घेतला. ते माझ्या एकोणीस गुंठ्यांचे कुलमुखत्यारपत्र होते, परेशच्या नावे. रिसॉर्ट नवे नाव घेऊन परत आले आहे, गुरचरण पुन्हा मागितले आहे, आणि आत गाड्या न्यायला रस्ता हवा आहे. रस्ता माझ्या जागेतूनच निघतो.

मी परेशला विचारले, “हे कुठल्या दुखण्याचं औषध?”

तो म्हणाला, “बाबांनी साहेबांना शब्द दिलाय.” त्याला बोलताना घाम आला होता. लहानपणी खोटे बोलला की असाच घामायचा. मी कागद फाडले नाहीत, वकीलबाईंकडे दिले. टाके निघाल्यावर हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

कलम ६. सबब, गट नंबर ११६, क्षेत्र एकोणीस गुंठे, ही संपूर्ण मिळकत मी त्या दिवशी हात वर करणाऱ्या एक्केचाळीस जणांना समान आणि अविभक्त हिश्श्याने देते. नावांची यादी सोबत आहे. सगळे शेती करणारे किंवा शेतावर राबणारे आहेत, कायद्याने शेतजमीन अशांनाच देता येते. जे वारले त्यांचा हिस्सा त्यांच्या वारसांना जावा.

जागा विकू नये अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणाल्या, अशी अट कोर्टात टिकत नाही. तेव्हा भागोजी म्हणाले, “अट कशाला? मानसं वाढव.” भागोजी मोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्या ग्रामसभेला ते नोकरीपायी गावात नव्हते, म्हणून यादीत नाहीत. सामाईक सातबारा किती चिवट असतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिले. एक्केचाळीसांचे वारस धरून आजच नव्वदावर जातात. कोणी गुरवाडीत, कोणी सुरतेला, एक मस्कतला. सगळ्यांच्या सह्या गोळा केल्याशिवाय रस्ता होणार नाही. एखादा फुटेल, मला ठाऊक आहे. दोघे फुटतील. त्यांचा हिस्सा घेऊन साहेबांनी वाटणीचा दावा लावावा आणि नव्वद माणसांना समन्स बजावत बसावे. दर पाच वर्षांनी निवडून यायची सवय असलेल्यांना तेवढा दम नसतो.

कलम ७. रुचिताला माझ्या पाटल्या आणि त्या ठरावाची नक्कल. सरपंचपद पुन्हा बायकांसाठी आले आहे आणि घरातल्या पुरुषांनी तिचे नाव परस्पर ठरवले आहे. ती मला विचारत होती, “आई, उभी राहू का?” राहा. स्टुलावर बसायचे असेल तर मात्र घरी बस, घरचे पाट जास्त उंच असतात.

सदूला माझ्या वडिलांचे मीठ ओढायचे लाकडी फावडे. सोनाबाईंना माझी न नेसलेली इरकली. कल्पिताला बाकी सगळे. परेशचा हात त्या ग्रामसभेत खिशात होता, म्हणून त्याला जमिनीत हिस्सा नाही. त्याला मी माझा चष्मा देते. आता तो ‘घरी राहिला’ असे सांगायचे कारण उरणार नाही.

कलम ८. मी गेल्यावर फलक लावू नये. शोकसभा घेऊ नये. ‘गावची माउली हरपली’ असे कोणी बोलू लागल्यास कल्पिताने माईक बंद करावा. साहेब आल्यास त्यांना बसायला द्यावे, बोलायला देऊ नये. ते न बोलता किती वेळ बसू शकतात हे गावाने एकदा पाहावे.

कलम ९. शेवटचे. ही वाट पायी चालणारांची आणि गुरांची आहे, ती कोणालाही अडवू नये. गावचे स्मशान गुरचरणाच्या टोकाला, खाडीवर आहे. माझ्या मागून कधीतरी यजमानांना त्याच वाटेने आणावे लागेल. हिस्सेदारांपैकी कोणी जुना राग काढून आडवे उभे राहू नये. जाऊ द्यावे. गाडीतून नाही, झेंडा नाही, बाजा नाही, खांद्यावरून. त्या जागेतून ते एवढ्याच रीतीने पलीकडे जातील, आणि त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वकीलबाईंनी फक्त शुद्धलेखन पाहिले. नीराबाईला साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये असा कायदा आहे. इतका चांगला कायदा ठरावांना का लावत नाहीत, हे मला कोणी सांगितले नाही.

ठिकाण : अलिबाग
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) ठमी दयाराम घरत

आमच्या समक्ष सही केली, आम्ही तिच्या समक्ष साक्ष करतो :

१. (सही) भागोजी नागू भगत, निवृत्त भूकरमापक, सांबरखार
२. (सही) डॉ. मृणाली वर्तक, चौल