टूथपिकच्या टोकाएवढा बलक

पप्पा, परवा सकाळी टबातल्या फेसाखालून फायटर माशाचं पहिलं पिल्लू सुटलं आणि आडवं पोहलं, तिथे सगळं बदललं. तोवर ती सगळी शेपटी खाली करून नराने केलेल्या फेसाला लटकलेली होती, अंड्यातून पोटात बरोबर आणलेलं खात होती, माझी कुणाला गरज नव्हती. आडवं पोहायला लागलं म्हणजे भूक लागली, हे तुमचंच वाक्य. तुमच्यासारखंच नराला लगेच बाहेर काढलं, नाहीतर तोच त्यांना खायचा. आता तो बरणीतून टबाकडे तोंड करून फुगून बसतो, आणि पापणीच्या केसाएवढी ही पिल्लं माझ्या अंगावर पडलीत.

तुम्ही फायटरच्या बरण्या हेंद्रेपाड्याच्या याच घरात ओट्यावर मांडायचात. आई म्हणायची, "लोणच्याला एखादी ठेवा." नर-मादी टबात सोडली की त्याच दिवशी तुम्ही कोबीचं पान पाण्यात घालून खिडकीत ठेवायचात. आधी घाण वास सुटायचा, मग पाणी निवळायचं, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव झालेले असायचे. ड्रॉपरने तेच पाणी पिल्लांना. मी पान ठेवलं ते अंडी फुटल्यावर. अजून नुसताच वास येतोय. जोडी सोडली त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कॉलेजातली एक मुलगी आहे. तिला एक जण काहीतरी बोलला म्हणून मी त्याचं तोंड फोडलं, प्रिन्सिपल माफी माग म्हणाले तर कॉलेजच सोडलं. वाटलं होतं ती खूश होईल. त्या दिवशी शहाडच्या पुलावर ती म्हणाली, "अरे, किती फोन करशील? सांस तो लेने दे! मी काय पळून चाललेय?" मग थोडी हसली. "तुझ्या त्या फायटरला पिल्लं झाली आणि जगली, तर फोटो पाठव. तोपर्यंत एक मेसेज पण नको." तेवढ्यावर मी जगतोय.

काल उल्हासनगरला गेलो, जिथून जोडी आणली त्या दुकानात. "साईं, पिल्लांना काय देऊ?" सिंधी दुकानदार हसला. "बेटा, इतना छोटा खाना दुकान में नहीं मिलता, घर में सडाना पडता है. अभी अंडे का पीला दे. लेकिन जरा सा, समझा?" आज अंडं उकडायला गेलो तर आई आडवी आली. मार्गशीर्षातला गुरुवार, ओट्याशेजारी घट मांडलेला.

"उद्या उकड."

"उद्यापर्यंत मरतील ती!" मी पातेलं आपटलं.

आई ओरडली नाही. हार नीट करत म्हणाली, "तुझे पप्पा जोडी सोडायच्या आधी कॅलेंडर बघायचे. भुकेचा दिवस गुरुवारी येऊ द्यायचे नाहीत."

स्टेशनजवळच्या गाडीवरून उकडलेलं अंडं घेतलं, खिशात लपवून आणलं आणि आतल्या खोलीत दार लावून बसलोय. टूथपिकचं टोक बलकाला लावलं, पाण्यात हलवलं. टॉर्च मारून बघतोय. खाल्लं असेल तर पोटात पिवळा ठिपका दिसतो. एकाचाही ठिपका नीट दिसत नाहीये. काही तळाशी आहेत, ती हलत नाहीत. माझा हात परत बलकाकडे जातोय.

लहानपणी मी असंच केलं होतं, आठवतं? तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी बलकाची अख्खी चिमूट टाकली, सगळ्यांना पुरावी म्हणून. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं आणि सगळी तळाशी. तुम्ही मारलं नाहीत. तो टब मोरीत न ओतता खाली बदामाच्या झाडाशी नेलात. ओतताना एवढंच म्हणालात, "त्यांचं पोट बघायचं रे, आपली माया नाही." त्यानंतर दुसऱ्यांदा शिकवायला तुम्ही राहिला नाहीत.

हे पत्र जाणार कुठे? टबावर झाकलेल्या काचेचा एक कोपरा फुटलाय, तिथून गार वारा आत जातो. याचीच घडी करून तिथे ठेवतो. एक सांगतो पप्पा. आज सकाळपर्यंत मला ही पिल्लं फोटोपुरतीच जगायला हवी होती. आता फेसाच्या कडेला एक आहे, सारखं खाली जातं आणि परत वर येतं. ते जगावं. फोटो नसला तरी.

उरलेलं अंडं मी खाऊन टाकलंय, हात परत तिकडे जाऊ नये म्हणून. फोन टबाजवळच ठेवतो, म्हणजे तिलाही लावणार नाही. मी इथे बसलो तर काहीतरी टाकीनच. उठतो. दार बाहेरून लावून घेतो.