शेठची हाक

ती. ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

मी धडधाकट आहे. खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

रत्नांच्या खाणीतल्या माझ्या जोडीदाराबद्दल तुला लिहिलं होतं. एक मोठा खडा सापडला की स्वतःचं दुकान टाकणार, असं तो सारखा म्हणायचा, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत. गेल्या सोमवारी तो खाली उतरला. दोर माझ्या हातात होता. खालून ओरडला, "सापडला रे! ओढ लवकर!" मी ओढायला लागलो आणि बघता बघता खड्डा बुजला. हातात नुसता तुटका दोर आला.

शेठसाठी दोन दिवस उकरलं, मग मुकादमाने थांबवलं.

तिथून जाताना त्याची हाक अजून ऐकू येते. त्या आवाजात आनंद असतो, ताई, म्हणूनच अंगावर काटा येतो.

खड्याची गोष्ट मुकादमाच्या कानावर गेली. काल त्याने तिथेच पुन्हा खणायला काढलं. "कोण उतरतंय?" म्हणाला. मीच हात वर केला.

शेठला बाहेर काढायला की खड्यासाठी, हे माझं मलाच कळत नाही. भाचा इकडे यायचं म्हणाला, तर त्याला येऊ देऊ नकोस.

जेवण वेळेवर होतं. काळजी नसावी.

तुझा भाऊ