सदतीस नंबरचा खुबा

आखन, जर्मनी,
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार

तीर्थरूप शुभदा आत्येच्या चरणी (चरण जमिनीवर असतील तरच, स्टुलावर असतील तर नमस्कार परत घेतला आहे) शार्दूलचा साष्टांग नमस्कार.

सांगलीला सगळं क्षेम असेलच. तुझा गुडघा, नंदिनीवहिनींचा खोकला आणि गच्चीवरचा पंप यांपैकी सध्या कोण कोण कुरकुरतं आहे ते कळव. मी बरा आहे. वजन दोन किलोने वाढलं, ते इथल्या पावामुळे. आणि केस गळतात ते पीएचडीमुळे. फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर मी हाडांचा विषय काढला की नेमकी तुझी रेंज जाते. गेल्या महिन्यात तर तू स्वतःच 'रेंज गेली गं बाई' असं म्हणालीस आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं. शिवाय पत्र आलं की ते तू कुणालाही देत नाहीस. शेवटापासून वाचतेस हे खरं (आधी शेवट कळला की जीव ठिकाणावर राहतो, हे तुझं म्हणणं), पण वाचतेस. मिरजेची मैथिली माझ्याच प्रयोगशाळेत आहे, ती दिवाळीला घरी निघाली आहे, तिच्या हाती हे पाठवतो.

तर आत्या, मी इथे नेमकं काय करतो हे तू चारचौघांत 'तो जर्मनीत हाडं मोडतो' असं सांगतेस, ते बंद कर. मोडतो हे खरं आहे, पण मोडण्याआधी बराच अभ्यास करतो. ज्यांनी देहदान केलं अशा म्हाताऱ्या माणसांची खुब्याजवळची हाडं आमच्याकडे येतात. (प्रत्येकाला मी आधी नमस्कार करतो. इथल्या लोकांना वाटतं मी वाकून नंबर वाचतो.) मग त्या हाडाचं स्कॅन काढायचं, आत किती भोकं आहेत ते मोजायचं, आणि शेवटी प्रेसमध्ये घालून ते किती वजनाला मोडतं ते बघायचं. तुझ्या अनारशासारखीच हाडाच्या आत जाळी असते. फरक इतकाच की अनारशाला मोठी जाळी पडली की वाटीत घालून शेजारीपाजारी मिरवायचं, आणि खुब्याला पडली की ऑपरेशन. बरं, नुसती भोकं मोजून भागत नाही. कौलारू छपरात आडवे वासे असतात ना, तशा हाडात बारीक आडव्या काड्या असतात. त्या गेल्या की उभ्या काड्या एकट्या पडतात आणि वाकतात. म्हणजे भोकं किती यापेक्षा ती कुठे आहेत आणि उरलेल्याची बांधणी कशी आहे, यावर सगळं अवलंबून. एवढं वाक्य सिद्ध करायला मला तीन वर्षं लागली आहेत.

आता घोटाळ्याकडे येतो. खंडेनवमीला आपल्याकडे विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. माझं हत्यार म्हणजे ती प्रेस. मैथिली म्हणाली, आपल्या पोटापाण्याचं यंत्र आहे, वर्षातून एकदा पूजा नको का? मलाही पटलं. झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती आणली, कुंकू तिच्याकडचं, नारळ सुपरमार्केटातला. (इथल्या नारळाला शेंडी नसते. मुंज न झालेला वाटतो.) पूजा यथासांग झाली आणि मग प्रश्न पडला, नारळ फोडायचा कुठे? प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ हेर (म्हणजे इथले 'श्रीयुत') श्टोलत्से यांच्या नियमांप्रमाणे फरशीवर काहीही आपटायचं असेल तर तीन दिवस आधी लेखी परवानगी लागते, आणि खंडेनवमी तीन दिवस थांबत नाही. समोर प्रेस उभी. जी खुबा मोडते तिला नारळ काय जड? हाडाच्या गोळ्यासाठी केलेल्या वाटीत नारळ असा चपखल बसला की आम्ही दोघांनी तो शुभशकुन मानला. बटण दाबलं, नारळ फुटला, पाणी यंत्रात गेलं. आम्ही पुसून काढलं, खोबऱ्याची वाटणी केली आणि सायकलींवर बसून घरी गेलो.

पण यंत्र जर्मन. त्याला प्रसाद कळत नाही. त्याच्या यादीत पुढचा नंबर सदतीस होता, त्याने नारळाचं वजन बिनतक्रार सदतीसपुढे लिहून टाकलं आणि संध्याकाळी सगळा तक्ता आमच्या प्रोफेसरबाईंना आपोआप पाठवला. सदतीस म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंचं हाड. स्कॅन आधीच झालेलं. आत इतकी भोकं की दोनशे किलोलासुद्धा टिकणार नाही असा माझाच अंदाज. आणि तक्त्यात ते टिकलं होतं चारशे वीस किलोपर्यंत.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ प्रोफेसर हाकेनबुश माझ्या टेबलाशी धावत आल्या. ही बाई जर्मनीत पंचवीस वर्षं शिकवते आहे, बससाठीसुद्धा धावत नाही. म्हणाल्या, "आल्झो, शार्दूल! एवढी भोकं आणि एवढी ताकद! म्हणजे सगळी बांधणीची कमाल! गेनाऊ, अगदी तेच, जे मी वीस वर्षं म्हणते आहे!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आता अशा बाईला नारळ कसा सांगायचा, तूच सांग. मी तोंड उघडलं ते 'चूक झाली' म्हणायला, आणि तोंडातून निघालं ते तुझं नाव. म्हणालो, आमच्याकडे असे खुबे असतात. माझी आत्या एक्काहत्तर वर्षांची आहे, जन्मभर जमिनीवर मांडी घालून बसते, उकिडवी बसून भाजी चिरते, आणि अजून स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढते. बाईंनी सगळं वहीत टिपून घेतलं. स्टूल म्हणजे किती पायांचं, हेही विचारलं. (तीन, असं सांगितलं. चौथा मी सातवीत असताना गेला, हे सांगितलं नाही.)

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. खरा सदतीस शीतगृहात न मोडता पडून आहे. कागदावर मोडलेलं हाड तिथे अख्खं सापडलं की हेर श्टोलत्से त्याचं प्रोटोकोल, म्हणजे लेखी अहवाल, लिहिणार, आणि तीन वर्षांचं काम नारळाच्या पाण्यात जाणार. असो. माझी काळजी करू नकोस. अनारशांचं पीठ मुरत ठेवलं असशीलच. मैथिलीबरोबर मूठभर पाठव. आणि चष्मा, कुणी हलवू नये म्हणून तू वरच्या फळीवर ठेवतेस आणि काढायला रोज स्टूल लागतं, तो कृपा करून खाली ठेव.

तुझा,
शार्दूल

ता. क. १ : खरं काम लिहायचं राहिलं. बाईंना पुरावा म्हणून तुझ्या खुब्याचं स्कॅन हवं आहे. पाच मिनिटांचं काम आहे, टोचत नाहीत, फक्त आडवं पडायचं. गुरुवारी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. मैथिली रिक्षा घेऊन दारात येईल. माझी डॉक्टरेट आता तुझ्या कमरेवर उभी आहे. मी हे स्कॅन कर म्हणतो आणि तू दोन वर्षं चालढकल केलीस, आता नाही म्हणू नकोस.

ता. क. २ : मघाचं अर्धं खोटं आहे. मंगळवारीच मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोबरं उरलं आहे का म्हणून विचारलं. पदवीला धोका नाही. बुधवारी खरा सदतीस प्रेसमध्ये घातला. आत्या, तो एकशे ऐंशीला मोडला, अगदी हलका आवाज झाला. आतली जाळी बघितली आणि मला आजी आठवली. न्हाणीघरात नुसती पाय घसरून पडली आणि नंतर उठलीच नाही. तुझंही आपल्या घराण्याचंच हाड आहे, नारळ नाही. मांडी घालून तू जन्मभर बसलीस खरी, पण तीही बसायचीच. मला फार भीती वाटते. स्वतःसाठी तू दवाखान्याची पायरी चढणार नाहीस, पण माझ्या डिग्रीसाठी काशीलाही जाशील, म्हणून ते पहिलं ता. क. रचलं.

ता. क. ३ : आत्ता लक्षात आलं की तू शेवटापासून वाचतेस, म्हणजे हेच पहिलं वाचते आहेस आणि माझी सगळी लबाडी फुकट गेली. शाईने लिहिलं आहे, खोडता येत नाही. पण त्याअर्थी चष्मा नुकताच हातात आला असणार, आणि धीर नसल्यामुळे पाकीट तू तिथेच फोडलं असणार. तर आधी एक हात फळीला धर, सावकाश स्टुलावरून उतर, खाली बस, आणि मग पहिल्यापासून वाच.