रचनाकार अज्ञात

४ डिसेंबर
शुभाचा फोन. सांगलीत कुठलासा मिश्र वाद्यवृंद येतोय, सात जणांचा. जावईबापूंनी पाच तिकिटं काढलीत, व्याही-विहीणबाईंसकट. "अण्णा, याच." मग आवाज बारीक करून, "दिलीपकाकांचा आहे तो."
म्हणजे आमचा दिल्या. सातारच्या बँडात माझ्या उजव्या हाताला उभा राहून दुसरी क्लॅरोनेट वाजवायचा. बावीस वर्षं झाली, पुण्याला गेला तो गेलाच.
जाणार नाही.

६ डिसेंबर
जातोय. सदरा इस्त्रीला टाकला. म्हाताऱ्याला हौस फार.

८ डिसेंबर, सकाळी, सांगली
काल कार्यक्रम. चेलो, गिटार, संबळ, पेटी, शिवाय एक पोरगी नुसती तोंडानं आवाज काढते. अभंगावरून निघाले ते जॅझमध्ये, तिथून थेट गोंधळात. शिव्या द्यायच्या तयारीनं बसलो होतो. वाजवतात चांगलं, लेकाचे. हाच तर त्रास.
मध्यंतरानंतर दिल्या माइकवर. "आता पाठवणीची एक चाल. सातारा भागातली, पारंपरिक. रचनाकार अज्ञात." आणि फुंकली ती माझी. वडूजच्या लग्नात नवरी काही केल्या जीपमध्ये बसेना, तेव्हा उभ्या उभ्या केलेली. माझी! मी नवव्या रांगेत, हात मांडीवर.
विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "कुणी केली असेल हो?" मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला कळतं का यातलं?"
"नाही," म्हणालो.
शुभा समोर बघत राहिली. तिच्या लग्नात सासरी सांगायचं ठरलंच होतं, मुलीचा बाप साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. खोटं नव्हतं, अर्धं होतं. लग्नसराईत तोच बाप लाल कोट घालून वरातीपुढं वाजवत चालायचा, हे कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणजे मीच. दिल्यानं काल अज्ञात केलं, मी आठ वर्षांपूर्वीच झालो होतो.

९ डिसेंबर
डोळे दाखवायला मिरजेला जातो म्हणून निघालो. दिल्या तिथं लॉजवर उतरलाय. बघताच मिठी मारली.
"आरं गणपा! कार्यक्रमाला हुतास? मग वर का न्हाई आलास?"
"ती चाल कुणाची रं?"
"मास्तरांची न्हवं का?"
मास्तर म्हणजे आमचे बँडमास्तर. वारले केव्हाच.
"माझी हाय ती."
हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "गड्या, आपण समदी त्यांच्या मागं उभं राहून शिकलो. मला बी लय चाली माझ्याच वाटत्यात."
"मग मास्तरांचं नाव का घेतलं न्हाईस?"
"अज्ञात म्हटलं की लोक गप बसून ऐकत्यात."
वर चहा पाजला. चौदाला कराडला कार्यक्रम आहे, स्टेजवर बोलावतो म्हणाला, ‘आमच्या बँडातला जुना गडी’ म्हणून. बघतो म्हणालो. जळफळाट नुसता. चोर असता तर गचांडी तरी धरली असती.

११ डिसेंबर, सातारा
खरंच मास्तरांची असेल? वडूजची जीप आठवते, नवरीचा भाऊ आठवतो, माझी बोटं आठवतात. मास्तर त्या दिवशी होते का, ते आठवत नाही. दिल्यानं हे काय करून ठेवलं.

१२ डिसेंबर
शुभाचा फोन, भांडायलाच. "ती तुमचीच आहे अण्णा. मी लहान असताना न्हाणीघरात म्हणायचात. मला हॉलमध्येच कळलं. तुम्ही नाही म्हणालात आणि मीही गप्प बसले. लाज वाटतेय मला. आता बास." कराडला सासूबाईंना घेऊन येणार आणि दिलीपकाकांसमोर सांगणार, चाल माझ्या वडिलांची म्हणून.
फोन ठेवून रडलो.

१३ डिसेंबर
सकाळी परत फोन. "तुमच्या पद्धतीनं म्हणून दाखवा, मी रेकॉर्ड करते. काकांनी बदलली असेल तर तुमचीच ऐकवू सगळ्यांना."
कवळी बसवल्यापासून फुंकता येत नाही, तोंडानंच म्हटली. पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीत चेलोबरोबर ते वर चढतात, तिथं मीही चढलो. माझी तिथं खाली उतरायची, एवढं नक्की. थांबलो, परत म्हटली. परत वरच.
"अगदी तश्शीच आहे की हो!" शुभा हरखली.
बरं म्हणून फोन ठेवला. दिवसभर म्हणून बघतोय. उतरायची कशी तेच सापडत नाही, दर खेपेला चेलो आधी येतो. तिकडं विहीणबाईंनी उद्याची तयारी केलीय म्हणे. शुभानं त्यांना एवढंच सांगितलंय, कराडला चला, ती चाल कुणी केली ते दाखवते.