शेवटपर्यंत ओढलेला पट्टा

अण्णा, तुम्ही गेल्यापासून माझ्या दारात असलेली तुमची काळी गाडी मागायला काल एक माणूस आला होता, आणि मला लगेच त्याचा संशय आला, कारण त्याने घासाघीस केली नाही. आखातात उमेदीची वर्षं घालवून परतलेला, मऊ बोलणारा. त्याच्याकडे लाल, दोघांपुरती, शर्यतीच्या घाटाची गाडी आहे. जगात अशा मोजक्याच निघाल्या म्हणे. ती मला द्यायची, तुमची त्याने घ्यायची, वर काही देणंघेणं नाही. "कंबर गेली, बाय. तिच्यात बसायचं म्हंजे निजायलाच लागतं. आनि हातखंब्यापासून घरापातूर रस्त्याला गाडीचं पोट घासतंय," म्हणाला. मोह झाला मला, पण जीभ आवरली.

तुमच्याच गॅरेजातली सवय ही. मी अकरावीत होते. देवरूखचे एक गुरुजी, घ्यायच्या आधी जुनी गाडी तुमच्या नजरेखालून घालायला आले होते. मी म्हटलं, किती चकाचक आहे. तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, "कौतुक गिऱ्हाइकानं करायचं. तू पट्टा ओढ." मी मागच्या सीटचा पट्टा ओढते आहे, ओढतेच आहे, आणि अगदी शेवटच्या वितीवर वाळलेला पिवळट गाळ. पुरात बुडालेली गाडी लोक धुतात, रंगवतात, अत्तरही मारतात. गुंडाळीतला पट्टा मात्र कुणी धूत नाही. गुरुजींनी ती गाडी घेतली नाही आणि तालुकाभर तुमचं नाव झालं. पुढे मी आलेली स्थळंसुद्धा याच नजरेने तपासली. सासरचे अजून त्यावरून मला चिडवतात.

आज सकाळी त्याच्याकडे जाऊन लाल गाडीचे पट्टे ओढले. स्वच्छ. गालिचा उचलला, कोरडा. चालवताना पाटावर बसल्यासारखं वाटतं, इंजिन पाठीमागे गुरगुरतं, आणि गल्लीतलं प्रत्येक माणूस वळून बघतं. एवढी निर्मळ वस्तू कोण हातची घालवेल? संशय वाढलाच. तुमच्या गाडीचा रुबाब वेगळा. दार लावलं की बाहेरचा गलका थांबतो, मागे टेकलं की डोळा लागतो. कितीतरी नवऱ्यामुली तिच्यातून सासरी गेल्या, आणि तुम्ही दर वेळी बॉनेटवर हात फिरवून "अस्सल आहे" म्हणायचात. घरी आल्यावर तुलनेपुरता मी तिचाही मागचा पट्टा ओढला. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटच्या वितीवर तोच गाळ होता. हा एक पट्टा तुम्ही मला कधीच ओढायला सांगितला नव्हतात.

संध्याकाळी तो आला तेव्हा गाडीपाशीच सांगून टाकलं, की ही पाण्यातली आहे. तो हसला. "तुझा बापूस पान्यातली गाडी घेल? अगो, त्याच्यावर इस्वास म्हनून तर मागतोय. जास्ती होया आसंल तर सरळ सांग." आता संशय त्याच्या डोळ्यांत होता. दार उघडून पट्टा ओढला असता तर तो गप्प झाला असता, पण तुमचं नाव गेलं असतं. मी म्हटलं, "हो, जास्तीच हवं होतं." चहा अर्धा ठेवून तो गेला. उद्या बाजारात मला लोभी म्हणेल. म्हणू दे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. एक मात्र कबूल करते. तुमच्या धंद्यात फसण्याएवढी दुसरी नामुष्की नव्हती, तरी दुपारपासून मी देवाजवळ एकच मागते आहे, की अण्णा फसलेले असू देत.