सरकारी होकायंत्राची पूर्व

१२ मे १९५७, रविवार
लटारूभाऊचं घर घ्यायचं पक्कं. उद्या रजिस्ट्री. बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली बायकोने, धुरपताने. सकाळपासून चूल कुठे मांडायची तेच चाललंय.
विक्रीपत्र लिहायला त्या घरी दसरू अर्जनवीस आला. म्हणे, भाऊ, सूर्य रस्त्याकडून निघते, म्हणून रस्ता पूर्वेले. मी थांबवलं. फॉरेस्ट ऑफिसचा हेडक्लार्क अंदाजाने काम करत नाही. ऑफिसचं होकायंत्र काढलं, हलू नये म्हणून लटारूभाऊच्या लोखंडी पेटीवर ठेवलं. काट्याप्रमाणे रस्ता पश्चिमेला! दसरू मान खाजवत राहिला. लिहिलं मात्र मी सांगितलं तेच.

१३ मे
रजिस्ट्री फर्स्ट क्लास.

२७ मे
घात झाला!! कचेरीत घरावर नाव चढवायला गेलो. बाबू म्हणतो, रस्ता पश्चिमेला असलेलं घर म्हणजे समोरच्या रांगेतलं, गुणाबाईचं. या कागदावर तुमचं काहीच नाही. दुरुस्तीपत्र आणा, लटारूची सही लागेल.
दसऱ्याने केसाने गळा कापला. याचा सूड घेतला नाही तर नाव लावणार नाही.

संध्याकाळी
गुणाबाई दारात उभी. म्हणे, नथ्थूभाऊ, मी जित्ती असताना माह्या घराचा सौदा काऊन केला? आळीभर ओरडली. हिलाही बघून घेईन.

२८ मे, सकाळी ७
प्लॅन तयार. दसरू कचेरीपुढच्या चिंचेखाली बसतो. मी रजा टाकून बाजूलाच टेबल मांडणार आणि सगळ्यांचे अर्ज फुकट लिहिणार. आठ दिवसांत त्याचं दुकान बंद.
धुरपता म्हणते, लटारूभाऊ पाच तारखेले पोरीकडे भामरागडले चालला. पाणी लागलं का रस्ता बंद, मंग दिवाळीपर्यंत येत नाई. आधी सही घ्या ना.
बायकांना सूडातलं काय कळतं.

३० मे
गिऱ्हाईक एक. सुकलू, बैल चोरीला गेला म्हणून. पाच पानं लिहिली, इंग्रजी शब्दांसकट. तासाभरात परत आला. साहेबाने विचारलं म्हणे, चोरीला काय गेलं ते कुठी लिहिलं? मग दसरूकडे गेला, त्याने अर्ध्या पानात उरकलं.
सुकलूचंही नाव यादीत.

१ जून
भयंकर ऊन. टोपी विसरलो. दसरूने माठातलं पाणी दिलं. प्यायलो. याने सूड ढिला पडत नाही.
धुरपताने पुन्हा सहीचं काढलं. ओरडलो तिच्यावर.

३ जून
दसऱ्याचं लायसन रद्द करायला कलेक्टरसाहेबांना अर्ज तयार. सोबत नकाशा हवा, म्हणून होकायंत्र घेऊन नव्या घरी गेलो. पेटीवर ठेवलं. रस्ता पश्चिमेला. पुरावा पक्का!
तेवढ्यात लटारूभाऊ गाडीवान घेऊन पेटी न्यायला आला. म्हणे, तुमचं खेळणं उचला भाऊ. मी ते ओट्यावर ठेवलं. दोघांनी पेटी बाहेर नेली. काटा गर्रकन फिरला. रस्ता पूर्वेला.
पेटी परत आणवली. काटाही परत.
चार वेळा आणवली. गाडीवान कातावला. धुरपता बघत होती. हातातली केरसुणी तिने कोपऱ्यात ठेवली आणि भाड्याच्या खोलीकडे निघून गेली.

रात्री
अर्ज फाडला. कागद हलका होता.

४ जून
धुरपता पहाटेच दसरूकडे गेली, तिथून गुणाबाईकडे, मग लटारूभाऊकडे. काय बोलली माहीत नाही. अकरा वाजता सगळे कचेरीत हजर. दसरूने दुरुस्तीपत्र लिहिलं, लटारूभाऊने सही केली, गुणाबाईने साक्षीदार म्हणून अंगठा दिला. धुरपताची अट एकच, मी बाहेर बसायचं. बसलो.
दसरूने आतून हाक मारली, भाऊ, सूर्य आज कुठून निघाला? सगळे हसले. धुरपताही हसली, बऱ्याच दिवसांनी. मी रस्त्याकडे बोट केलं.
संध्याकाळी नव्या घरात चूल मांडली. तोंड कोणत्या दिशेला करायचं, ते धुरपताने गुणाबाईला विचारलं. मी शेजारीच उभा होतो.