जोडीची चाल

४ ऑगस्ट, सोमवार
आले एकदाची. एसटीतून उतरले तर आवडाबाई छत्री घेऊन उभीच होती. कंपनीतली झाडलोट आणि चहा तिच्याकडे. माझी बॅग उचलून म्हणाली, बाय, दगड भरून आणलंस की काय? दगड नव्हते, लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. ती तिलाच देऊन टाकली.

पालीच्या रस्त्यालगत माझी खोली, पलीकडे कंपनी आणि मधून पऱ्या, म्हणजे ओढा. श्रावणात तो तांबडा होऊन नुसता धावत असतो. त्यावर तारांना टांगलेला, लाकडी फळ्यांचा साकव. माझे यजमान गुरुप्रसाद, त्यांनीच तो आखला. अकरा वर्षं ते इथे आणि मी ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मागच्या वर्षी ऑफिसच्या खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं. मी निवृत्त झाले, तेव्हा कंपनीचा मालक सागर म्हणाला, वहिनी, आमच्या पुस्तिकांचं इंग्रजी तुमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी वाचलं तर छड्या मारतील, तुम्हीच या.

मला इथली हवा आवडली. ह्यांचा रेनकोट अजून खुंटीला आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार
कंपनीचं काम वेदिकाने समजावलं. मुलगी गोड आहे, काकू काकू करते. पूल, जेटी, गॅलऱ्या खऱ्या बांधण्याआधी संगणकात बांधायच्या, त्यांवर वजन टाकायचं आणि कुठे मोडतात ते पाहायचं. मोडलं की चाचणी आपोआप थांबते.

साकव ओलांडताना जुनं आठवलं. मी सुट्टीत यायचे, तेव्हा हे मला काठावर उभं करून एकटे पुढे जायचे. पलीकडे पोचले की हात करायचे, आता ये. अकरा वर्षांत एकदाही सोबत चालले नाहीत. बायकोबरोबर दिसायची लाज वाटायची की काय, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
आज ह्यांना पाहिलं.

वेदिकाने पुलाची एक चाचणी दाखवली. पडद्यावर दोन करडी माणसं चालतात, चेहरा नाही, कपडे नाहीत. पण डावा खांदा किंचित पुढे आणि टाच टेकताना क्षणभर विचार करणारं ते पाऊल मी कुठेही ओळखेन. वेदिका म्हणाली, हो काकू, सरांचीच चाल. बुटांत यंत्रं बसवून त्यांनी स्वतः नोंदवली.

डोळे भरून आले. मग शेजारच्या आकृतीकडे लक्ष गेलं. बाई होती. फाइलवर नाव होतं, दर्शना.

११ ऑगस्ट, सोमवार
तीन दिवस दुसरं काही सुचत नाही.

दर्शना लांज्याची. इथे होती, दोन वर्षांपूर्वी सोडून गेली. वेदिकाने तिला पाहिलेलं नाही, ऐकीव सांगते. सर म्हणे तिच्याच हातचा चहा घ्यायचे, आणि ती सरांशी भांडायचीही. ठाण्याला माझ्या चहाला हे नेहमी ‘ठीक’ म्हणायचे.

आवडाबाईला विचारायला जीभ रेटली नाही.

पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहते. कमरेत एका बाजूला लचकत चालते. ठसका नुसता. कंपनीचं सॉफ्टवेअर चौदा देशांत जातं. म्हणजे चौदा देशांतल्या पुलांवर माझा नवरा त्या बाईबरोबर रोज फिरतो आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
वेदिकाला म्हटलं, तिची चाल काढ, माझी घाल. ती कचरली. ही जोडी बदलू नये, असं सर सांगून गेलेत म्हणे. का, ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, असं मला वाटलं.

सागर कामासाठी कोल्हापूरला आहे. फोनवर माझा आवाज ऐकून विरघळला. म्हणाला, चाचणीच्या प्रतीत करा, वहिनींचं मन मोडू नका.

यंत्राचे बूट घालून गॅलरीत वीस फेऱ्या मारल्या. वेदिका हसली, काकू, परेड आहे का? परेडच. सिस्टर शाळेच्या पटांगणात शिट्टी वाजवत चालवायच्या, डावा, उजवा. कुणाबरोबरही चालले तरी माझं पाऊल आपोआप त्याच्या पावलाशी जुळतं. लग्नानंतर महाबळेश्वरला हे हसले होते, तू बायको आहेस की सावली?

दुपारी चाचणी लावली. आम्ही दोघं शेजारी शेजारी, एकदम पाऊल उचलत. किती सुंदर दिसलो. पूल झुलायला लागला, मधोमध लाल झाला आणि तुटला.

चाचणी थांबली नाही. खाली पूल नव्हता, तरी आम्ही चालत होतो.

वेदिकाने बटण दाबून बंद केली. मी तिला सांगितलं नाही, पण मला आनंद झाला होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार
संध्याकाळी साकवावर कुणीतरी शेजारी चालत होतं. मी थांबले की थांबायचं. भीती वाटली नाही. बाई, आता ते माझ्याबरोबर आहेत, असं मनातल्या मनात दर्शनाला सांगितलंसुद्धा.

फळ्या फार हलल्या.

१८ ऑगस्ट, सोमवार
आवडाबाईने मला साकवावर पाहिलं. काठावर आल्यावर हाताला धरून बसवलं. म्हणाली, एकटी चाललंस नि साकव दोघांचा हलतो, ह्यां काय? आमच्यात जोडीनं साकवावर जात नाय. एकानं पुढं, एकानं मागनं. पायाला पाय लागला की साकव माणूस मागतो.

तिचे हात थंड होते. की माझे.

२० ऑगस्ट, बुधवार
जुन्या पुस्तिकेच्या समासात ह्यांचं अक्षर सापडलं. जसंच्या तसं उतरवते.

‘दुसरी चाल मनिषाची कधीही घेऊ नये. तिचं पाऊल माझ्या पावलावर बसतं, झोका वाढत जातो, पूल टिकणार नाही. दर्शनाचा डावा पाय अधू आहे, तिचं पाऊल कधीच जुळत नाही. म्हणून तीच. साकवावर मनीला एकटीलाच जाऊ देणे.’

एवढंच होतं. अकरा वर्षं काठावर उभी राहून मी काय काय समजत बसले.

काल वेदिकाने चाचणीची ती प्रत पुसली. आज सकाळी ती प्रत संगणकात परत आली होती. आपोआप चालू. आम्ही दोघं. खाली काही नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आज कंपनीत गेले नाही. खोलीच्या खिडकीतून साकव दिसतो. वारा नाही, तरी फळ्या हलतात — एकाच माणसाच्या पायाखालच्या. शेजारची जागा मोकळी ठेवून.

सागरने दर्शनाला बोलावलंय. ती प्रत जात नाही, म्हणून चाल नव्याने नोंदवायला. उद्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी अकरा. काठावरच्या जांभ्या दगडावर बसून लिहिते आहे.

दर्शना आली. साधी आहे. लंगडते. माझा हात धरून म्हणाली, सर सारखं तुमचंच सांगायचे, मी वैतागून भांडायचे, आता पुरे तुमच्या मनीचं.

ती साकवावर गेली. तिच्या मोडक्या पावलांशेजारी — ह्यांचं पाऊल. साकव जरासुद्धा हलला नाही. दोघं पलीकडे पोचली.

मला सगळं कळलंय. तरी विचारतेच. तिच्याबरोबर का गेलात?

पलीकडे हात वर झालाय. आता ये —

मधोमध आहे. उभी. तार काखेत धरून. ते तिथे थांबले नाहीत, परत आले. डाव्या हाताला आहेत. रेनकोटाचा वास. दर्शना पलीकडून ओरडते आहे, पाऊल मोडा, मनिषाताई, जुळू देऊ नका, पाऊल मोडा —

लिहीत राहिले की पाय थांबतात. लिहीत राहते. पान संपत आलं —

मोडत नाही. सिस्टरची शिट्टी. किती दिवसांनी आपण जोडीने —

डावा, उजवा, डावा, उज